पापणीतलं तेल

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे भरात आले की आमच्या अडत दुकानातला कॉम्प्युटर सकाळी चालू होतो, तो रात्री कुलूप लावेपर्यंत बंद होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये तर मान वर करायला फुरसत नसते. सौदा निघाला की काटा, काटा झाला की शेतकऱ्याची पट्टी. किती पोती, किती वजन, राजापुरी हळदीला काय भाव मिळाला, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती पडणार. शेतकरी समोर बाकावर बसलेला असतो, त्याला गावाकडची एसटी गाठायची असते, आणि आकड्यात चूक चालत नाही. या दुकानाचा हिशेब मी बघते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याआधी निम्मं काम कीर्द-खतावणीत हातानं व्हायचं. आता सगळंच पडद्यावर. महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख जवळ आली की घरी गेल्यावरही लॅपटॉप उघडावा लागतो, कारण दोन-तीन छोट्या दुकानदारांचे जीएसटी रिटर्नही मीच भरते.

त्रास सुरू झाला तो दुपारचा. चारच्या सुमारास डोळे चुरचुरायचे, पापणीखाली बारीक कचरा गेलाय असं वाटायचं. आरशात बघावं तर कचरा नाही. मग आकडे पसरायला लागले. तीनाचा आठ दिसायचा. डोळे मिटून उघडले की घटकाभर स्वच्छ दिसायचं, पुन्हा धूसर. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. चाळिशी उलटून काही वर्षं झाली आहेत, नंबर वाढायचाच. पण चष्मेवाल्यानं तपासून सांगितलं, नंबर होता तेवढाच आहे.

सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे पाणी. भिंतीवरचा पंखा तोंडावर आला की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. पोत्यांचा आकडा सांगायला आलेल्या एका हमालानं दारातच थांबून विचारलं, "ताई, रडताय काय? कोन काय बोललं काय?" त्या बिचाऱ्याला मनापासून काळजी वाटली होती. इतकं पाणी येणाऱ्या डोळ्यांना कोरडेपणाचा आजार असू शकतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालायचं धाडस मात्र मी केलं नाही, त्याला कारण आमचे दिवाणजी. आम्ही त्यांना काका म्हणतो. काही वर्षांपूर्वी त्यांचे डोळे लाल व्हायचे, म्हणून एका मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय एक बाटली काढून दिली. तासाभरात लाली गेली. काकांना ते औषध इतकं मानवलं की बाटली संपली की दुसरी, असं कित्येक महिने चाललं. त्या थेंबांत स्टिरॉइड होतं. डोळ्यातला दाब वाढत गेला आणि तो कळला तेव्हा एका डोळ्याची बाजूची नजर कमी झाली होती. आता त्यांना काचबिंदूचे थेंब रोज, जन्मभर घालायचे आहेत. गेलेली नजर काही परत येत नाही. स्टिरॉइड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नजरेखाली, दाब मोजत, थोड्या दिवसांसाठी ते उपयोगी पडतं. पण चिठ्ठीशिवाय ते काउंटरवरून दिलं जातं याचा मला आजही संताप येतो. काकांनीच मला बजावलं, "पोरी, आधी तपासून घे. थेंब मागनं."

आमच्याकडं डोळ्यांचं म्हटलं की पावलं मिरजेकडं वळतात. सांगली आणि मिरज आता जोडशहरंच आहेत. एका मैत्रिणीनं तिथल्या एका डॉक्टरबाईंचं नाव सुचवलं होतं, बुबुळाच्या आजारांवर त्यांचा हात चांगला आहे म्हणून. आठवड्याची सुट्टी बघून स्कूटी काढली. वारा डोळ्यांवर येत होता आणि विश्रामबागपासून पुढं रुमालानं डोळे टिपतच गेले.

तिथं गेल्यावर आधी एक छापील कागद हातात आला. त्यावर १२ प्रश्न. उजेड सहन होतो का, वाचताना त्रास होतो का, वाऱ्यात कसं वाटतं, एसीत कसं वाटतं, आणि गेल्या आठवड्यात हे किती वेळा झालं. या उत्तरांवरून शंभरपैकी गुण काढतात, जितके गुण जास्त तितका त्रास जास्त, आणि उपचारांनंतर तोच कागद पुन्हा भरून घेतात, म्हणजे फरक नुसता "बरं वाटतंय" एवढ्यावर राहत नाही. मग मॅडमनी बरंच खोदून विचारलं. सांधे दुखतात का? तोंड कोरडं पडतं का? मधुमेह, थायरॉईड? पाळी नियमित आहे का? लेन्स घालता का, डोळ्यांचं लेझर ऑपरेशन झालंय का? कुठली गोळी रोज चालू आहे?

शेवटच्या प्रश्नावर मी सहज सांगून गेले की हळदीच्या धुळीनं शिंका येतात म्हणून रात्री एक अ‍ॅलर्जीची गोळी घेते. त्यावर त्या लिहायच्या थांबल्या. या गोळ्यांनी नाकाचं पाणी आटतं तसं डोळ्यांचंही आटतं, असं त्यांनी समजावलं. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या, मुरुमांवरची एक गोळी, यांनीही डोळे कोरडे होतात. पण कुठलीही गोळी मनानं बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारायचं, हेही लगोलग सांगितलं. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी गोळीऐवजी नाकात मारायचा स्प्रे दिला. आणि यार्डात हळद पॉलिश होते त्या बाजूला जाताना मास्क.

धुळीचाच हा त्रास असेल अशी माझी पक्की समजूत होती. मॅडमनी विचारलं, खाज जास्त की चुरचुर जास्त? खाज सुटून डोळे चोळावेसे वाटत असतील तर अ‍ॅलर्जीकडं बघायचं. चुरचुर, आग, खुपणं आणि संध्याकाळी वाढत जाणारी धूसर नजर असेल तर कोरडेपणाकडं. माझं दुसऱ्यात बसत होतं.

मग चाचण्या. पहिल्यांदा कागदाच्या पट्ट्या. टिपकागदाची बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब, अगदी अरुंद पट्टी, एका टोकाला दुमडलेली. ते दुमडलेलं टोक खालच्या पापणीच्या आत, कानाकडच्या बाजूला अडकवलं आणि डोळे हलके मिटून बसायला सांगितलं. पाच मिनिटं. दुखत नाही, पण टोचल्याची जाणीव पूर्ण वेळ राहते. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात आणि पाणी जिथवर चढलं तिथं ती ओली दिसते. ओटो शिर्मर या जर्मन डॉक्टरांनी १९०३ मध्ये ही पद्धत मांडली, आणि सव्वाशे वर्षं होत आली तरी तीच पट्टी चालू आहे. १० मिलिमीटरच्या वर ओली झाली तर साधारण ठीक समजतात, ५ च्या खाली राहिली तर काळजी. माझी एका डोळ्यात १७ आणि दुसऱ्यात १५. म्हणजे पाणी भरपूर.

मला हुश्श वाटलं. मॅडम म्हणाल्या, "थांबा, आता खरं कळेल."

केशरी रंग लावलेली एक बारीक पट्टी त्यांनी थेंबभर पाण्यात भिजवून पापणीच्या आत टेकवली. खोलीत अंधार केला, यंत्राचा निळा उजेड डोळ्यावर सोडला. हनुवटी टेकवून बसायचं, दोनदा-तीनदा उघडझाप करायची आणि मग डोळा उघडा ठेवायचा, मिटायचा नाही. त्या मोठ्यानं मोजत होत्या. चारवर थांबल्या. ते चित्रीकरण त्यांनी मला बाजूच्या पडद्यावर पुन्हा लावून दाखवलं. बुबुळावर हिरवट पिवळा थर एकसंध पसरलेला, आणि बघता बघता त्यात काळा ठिपका उमटतो, तो लांबतो, शेजारी दुसरा फुटतो. त्या काळ्या जागी थर फाटलेला असतो. उघडझाप केल्यावर हा थर १० सेकंद तरी टिकायला हवा. माझा चार सेकंदांत फाटत होता. आणि बुबुळाच्या खालच्या कडेला हिरव्या टिपक्यांची एक आडवी पट्टी कायम होती. तिथली वरची कातडी वाळून दुखावलेली होती.

"खालीच का?" मी विचारलं.

"कारण तुमची पापणी खालपर्यंत येतच नाही," त्या म्हणाल्या. पडद्याकडं बघताना आपण उघडझाप कमी करतो हे मी ऐकून होते. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा होते, ती पडद्यासमोर पाच-सातवर येते. पण जी होते तीही अर्धवट असते, हे मला ठाऊक नव्हतं. वरची पापणी निम्म्यात येऊन परत फिरते. वरचा भाग पुसला जातो, खालचा तसाच उघडा. आकडे जुळवताना तर आपण श्वासही धरतो, पापणीचं कुठलं भान.

त्यानंतर जे झालं त्यानं माझी या आजाराबद्दलची सगळी समजूत बदलली. मॅडमनी खालची पापणी बोटानं अलगद बाहेर ओढली आणि पापणीच्या कडेवर दाब दिला. पापण्यांच्या कडेला केसांच्या किंचित आत बारीक भोकांची एक ओळ असते. ही तेलाच्या ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत पंचवीस ते चाळीस ग्रंथी, खालच्या पापणीत वीस ते तीस. माइबोम नावाच्या जर्मन वैद्यानं १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्या त्याच्या नावानं ओळखल्या जातात. निरोगी पापणी दाबली की या तोंडांतून स्वच्छ, पातळ तेल चटकन येतं. माझ्या पापणीतून आधी काहीच आलं नाही. अजून जरा दाबल्यावर दोन-तीन तोंडांतून पांढरट, घट्ट काहीतरी वर आलं, थंडीत गोठलेल्या तुपाचं असतं तसं. बाकीची तोंडं बंदच.

मग पापणी उलटी करून वेगळ्या किरणांनी आतल्या ग्रंथींचा फोटो काढला. पांढऱ्या उभ्या रेघा दिसतात. मधल्या बऱ्याचशा शाबूत होत्या, पण नाकाकडच्या काही रेघा आखूड झालेल्या, एक-दोन ठिकाणी नुसतीच काळी जागा. "या गेल्या त्या गेल्या," मॅडम म्हणाल्या, "उरलेल्या वाचवायच्या." हे ऐकून पोटात खड्डा पडला, खोटं कशाला सांगू.

आपल्या अश्रूंचा जो पातळ थर डोळ्यावर असतो त्यात तीन गोष्टी लागतात. डोळ्याला चिकटून राहण्यासाठी आत चिकट द्रव, मध्ये पाणी, आणि सगळ्यांत वर तेलाची अगदी पातळ साय. ही साय पाणी उडून जाऊ देत नाही. पापणी पूर्ण मिटली की या ग्रंथी दाबल्या जातात आणि थोडं तेल बाहेर येऊन पसरतं. उघडझाप अर्धवट राहिली की तेल आतच साचतं, घट्ट होतं, तोंड बुजतं. वर साय नाही म्हणून पाणी भराभर उडतं. डोळा वाळला, जळजळला की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि अश्रूग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. तो लोंढा गालावरून वाहून जातो, डोळ्यावर टिकत नाही, कारण त्याला धरून ठेवणारं तेलच नसतं. हमालानं पाहिलेलं माझं "रडणं" ते हेच. पडद्यावर काम करणाऱ्यांच्या कोरडेपणात बहुतेक वेळा पाण्यापेक्षा तेलाचं दुखणं मोठं असतं, आणि म्हणून नुसतं पाणी ओतून ते भागत नाही.

तरी थेंब दिले. कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजचे, अर्धा टक्केवाले. बाटलीऐवजी एका वेळेला एक तोडायची अशा छोट्या नळ्यांतले. महाग पडतात, म्हणून मी बाटलीचं विचारलं. बाटलीतलं औषध महिनाभर टिकावं म्हणून बहुतेकांत संरक्षक रसायन घालतात, त्यातलं नेहमीचं बेन्झाल्कोनियम क्लोराइड. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब घालायचे असतील तर ते रसायनच डोळ्याच्या वरच्या कातडीला आणि अश्रूंच्या थराला इजा करायला लागतं. दिवसातून एक-दोनदाच लागत असेल तर बाटली चालते, मात्र उघडल्यावर महिन्यानं फेकून द्यायची. मला सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी घालायचे होते, म्हणून नळ्या. रात्री झोपताना घट्ट जेल. ते घातल्यावर सगळं धूसर दिसतं, म्हणून दिवे मालवायच्या आधी शेवटचं काम ते.

खरा उपचार मात्र शेकाचा. रात्री जेवणं आटोपली की स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसायचं. ऊन पाणी थर्मासमध्ये, शेजारी पातेलं, दोन स्वच्छ सुती नॅपकिन. साधा ओला नॅपकिन दोन मिनिटांत गार होतो आणि गार नॅपकिनचा काही उपयोग नाही. पापणीला साधारण ४० अंशांच्या आसपासची ऊब सलग पाच ते दहा मिनिटं मिळाली तर आतलं घट्ट तेल सैल होतं. म्हणून एक नॅपकिन डोळ्यांवर असताना दुसरा पाण्यात. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, सोसवेल इतकाच ऊन. पापणीची कातडी फार पातळ असते आणि डोळे मिटलेले असल्यानं भाजल्याचं उशिरा कळतं. पुढं मुलीनं जवस भरून सुती कापडाची एक पुरचुंडी शिवून दिली. ती तव्यावर जरा गरम केली की ऊब जास्त वेळ टिकते. पण तव्यावरची ऊब सगळीकडं सारखी लागत नाही, म्हणून ती हातांत नीट चुरून, मनगटाला लावल्याशिवाय डोळ्यांवर ठेवत नाही.

शेकल्यावर लगेच चोळायचं. वरच्या पापणीवर बोट वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडून केसांच्या दिशेनं. हलक्या हातानं. डोळ्याच्या गोळ्यावर दाब द्यायचा नाही, विशेषतः काचबिंदू असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करूच नये. मग पापण्यांची कड पुसून घ्यायची. त्यासाठी तयार फेस मिळतो, तो बोटावर घेऊन केसांच्या मुळाशी फिरवायचा आणि धुवून टाकायचा. हे सगळं झाल्यावर थोडा वेळ नजर तेलकट, धूसर राहते. पहिल्या रात्री मी घाबरले होते, पण ते तेल सुटल्याचंच लक्षण आहे.

काजळ बंद केलं. आतल्या कडेला घातलेलं काजळ नेमकं त्या तोंडांवर बसतं. लहानपणापासूनची सवय, आईनं घरी केलेलं काजळ, सोडताना जीवावर आलं.

दुकानातही बदल करावे लागले आणि त्यासाठी मालकांशी बोलावं लागलं. आमचा मॉनिटर जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलेला असायचा, मान दुखू नये म्हणून. त्यामुळं नजर वर, आणि नजर वर गेली की पापणी जास्त उघडते, डोळ्याचा जास्त भाग उघडा पडतो, पाणी जास्त उडतं. वहीत लिहिताना नजर खाली असायची, पापणी अर्ध्यावर उतरलेली असायची. त्या दिवसांत डोळे का जळत नव्हते याचं एक कारण मला इथं सापडलं. वह्या काढल्या. आता पडद्याची वरची कड माझ्या डोळ्यांच्या खाली आहे, आणि मी हातभर लांब बसते. अक्षरं मोठी केली. भिंतीवरचा पंखा तोंडावर येत होता तो वळवून छताकडं केला. मालक म्हणाले, "एवढ्यानं काय होतंय?" पण अडवलं नाही, आणि आठवड्याभरात स्वतःच म्हणाले की काकांचेही कागद आता उडत नाहीत.

सगळ्यांत अवघड गेलं ते उघडझाप शिकणं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पूर्ण उघडझाप करायला मुद्दाम शिकावं लागतं. डोळे अलगद मिटायचे, दोन सेकंद मिटलेले ठेवायचे, उघडायचे. पुन्हा मिटायचे, या वेळी जरासे आवळायचे, उघडायचे. बरोबर जमतंय का हे बघायला कानशिलावर बोट ठेवायचं, तिथं ओढ जाणवली तर आपण पापणीऐवजी सगळा चेहरा आवळतोय. वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघा, हा नियम सगळीकडं सांगतात. सौद्याच्या दिवसांत घड्याळ कोण बघतं? मी माझ्या कामाला जोडून घेतलं. एक पट्टी छापायला टाकली की प्रिंटर वाजेपर्यंत दारातून समोरच्या गाळ्यावरच्या पाटीकडं बघायचं आणि पाच-सहा वेळा पूर्ण पापणी मिटायची. पट्ट्या दिवसभर निघतच असतात, त्यामुळं विसरायला होत नाही. शेतकऱ्यालाही वाटतं बाई विचार करून छापतेय.

पहिले काही आठवडे फारसा फरक पडला नाही. उलट शेक घेताना वाटायचं, दहा मिनिटांत दोन रिटर्न तपासून झाले असते. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे ताप उतरण्याच्या हिशेबानं मोजायचं दुखणं नाही, दीड-दोन महिने नेटानं करा, मग बोला. मधे २० तारखेचा घोळ आला, रात्री उशीर झाला, शेक सुटला, आणि दोन दिवसांत चुरचुर पुन्हा हजर. त्यानंतर मात्र मी शेक सोडला नाही. वीज गेली तरी गॅसवर पाणी तापतंच.

या काळात सल्ले फार मिळाले. शेजारच्या काकूंनी गुलाबपाण्याची बाटली आणून दिली, कुणी मधाचं बोट फिरवायला सांगितलं, कुणी एरंडेल. सगळ्यांच्या पोटात मायाच होती. पण जे निर्जंतुक नाही ते आधीच दुखावलेल्या बुबुळावर घालायचं नाही, एवढं मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं. चष्म्याच्या दुकानात निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा घ्यायचा आग्रह झाला. २०२३ मध्ये १७ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात या काचांनी डोळ्यांचा शीण साध्या काचांपेक्षा कमी होतो असं काही दिसलं नाही. ते पैसे मी डोळ्यांना वारा लागू न देणाऱ्या बाजूबंद गॉगलवर घातले, स्कूटीवर त्याचा रोज उपयोग होतो. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचंही मॅडमना विचारलं. अमेरिकेत २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात एका गटाला वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ दिलं आणि दुसऱ्याला ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना बरं वाटलं, पण दोघांत फरक नव्हता. जवसाची चटणी आमच्याकडं तशीही रोज असते, ती आवडते म्हणून खाते.

पावसाळ्यात परत मिरजेला गेले. तोच १२ प्रश्नांचा कागद, गुण निम्म्याहून खाली आलेले. निळ्या उजेडात थर आठ सेकंद टिकला. दहा नाही, पण चारही नाही. बुबुळाच्या खालची हिरवी पट्टी जवळजवळ गेली होती. पापणी दाबल्यावर तेल आलं, अजून थोडं पिवळसर, पण पातळ, आणि बंद असलेल्या तोंडांतली बरीच चालू झाली होती. फोटोतल्या काळ्या जागा होत्या तिथंच होत्या. थेंब आता दुपारी आणि संध्याकाळी, एवढ्यावर आले. शेक रोजचाच. मॅडमनी सांगितलं की एवढ्यानं थांबलं नसतं तर सायक्लोस्पोरिनचे थेंब आहेत, ते सूज कमी करतात, पण त्यांनाही परिणाम दाखवायला काही महिने लागतात. मला सध्या तरी ती गरज नाही.

माझं ऐकून माझ्या जाऊबाईंनी घरी शेक सुरू केला होता. त्या माधवनगरला एका शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतात, त्यांनाही तीच चुरचुर. पण त्यांच्या बोटांचे सांधे सकाळी आखडतात, आणि अलीकडं सुकी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळवत नव्हती. प्रश्नांच्या कागदानंतर मॅडमनी मला हेच तर विचारलं होतं. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, शेक राहू द्या, आधी पट्टी लावून घ्या." बरोबर घेऊनच गेले. त्यांची पट्टी पाच मिनिटांत ३ मिलिमीटरच ओली झाली. त्यांच्या डोळ्यांत पाणीच पुरेसं तयार होत नाही. मॅडमनी लगेच रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि सांध्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते असा एक आजार आहे, श्योग्रेनचा, तो बायकांत जास्त दिसतो आणि त्याचा उपचार गोळ्यांनी, आतून करावा लागतो. वहिनींना दाट थेंब तासातासाला चालू आहेत, दातांच्या डॉक्टरांकडंही जायला सांगितलंय कारण लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. रक्ताचे रिपोर्ट सोमवारी मिळतील, सुट्टीचा अर्ज मी मालकांकडं आजच दिलाय.